माझ्या डिप्रेशनचं सासरी कळेल का?

"मॅडम, तुम्ही हे लिहून ठेवता ते कोण कोण वाचतं?" लग्न ठरलेल्या मुली, त्यांच्या आया, नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये हे विचारतातच. त्यातल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

राहायची महाल भागात, पण गोळ्या आणायची लांब सदर भागातून. पाकिटावरचं औषधाचं नाव नखाने खरवडायची आणि गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवायची. माझ्यासमोर बसल्यावरही तोंडावरचा स्कार्फ लवकर सुटायचा नाही. साक्षगंध झालं होतं, आणि कुणीतरी तिच्या मनात भरवलं होतं की दवाखान्याने नवरदेवाकडे सांगितलं तरी चालतं, सुप्रीम कोर्टाचाच तसा निकाल आहे.

निकाल खरोखर आहे. 1998 मधला 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड'. एका माणसाला एचआयव्ही असल्याचं हॉस्पिटलकडून बाहेर आलं आणि ठरलेलं लग्न मोडलं. कोर्टाने हॉस्पिटलला दोष दिला नाही, कारण होणाऱ्या बायकोच्या जिवाला थेट धोका होता. पुढे 2017 च्या एचआयव्ही कायद्याने ही मोकळीकही आवळली. आधी रुग्णालाच जोडीदाराला सांगायला समजवायचं. तो सांगणार नाही अशी खात्री झाली, तर त्याला कल्पना देऊन मगच डॉक्टर किंवा समुपदेशकाने बोलायचं.

"डिप्रेशन कुणाला लागत नाही गं," मी म्हटलं. 2017 च्याच मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम 23 तिला वाचून दाखवलं: गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

"आणि कोर्टाने मागितलं तर?"

तर द्यावं लागतं, हे मी लपवत नाही. 1776 मध्ये इंग्लंडात किंग्स्टनच्या डचेसवरच्या खटल्यात सीझर हॉकिन्स या सर्जनने रुग्णाचं गुपित सांगायला संकोच केला, तेव्हा न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी साक्ष द्यावीच लागेल असं ठरवलं. आपल्या पुरावा कायद्यातही वकिलाला जे संरक्षण मिळालं, ते डॉक्टरला मिळालं नाही. पण माहिती द्यायला न्यायाधीशाचा आदेश लागतो. नातेवाइकाच्या फोनवर फाईल उघडत नाही. दुसरी मर्यादा म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका. या दोन्ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगाव्यात, असं माझं ठाम मत आहे. हद्द कळली की माणूस मोकळा बोलतो. त्या दिवशी तिने झोपेचं, रडण्याचं, सगळं सांगितलं.

दोनच दिवसांनी आईचा फोन. "पोरगी काय बोलते जी तिथं?" मी म्हटलं, "काकू, ते तिलाच विचारा." काकू रागावल्या. नंतर मुलीच्या संमतीने त्याही एकदा येऊन बसल्या.

नवऱ्या मुलाला सांगायचं की नाही? सांगावं, लग्नाआधी सांगावं, पण तिने स्वतः, असं मी तिला म्हटलं. तिने सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, गोळ्या कायमच्या आहेत का? ते डॉक्टरांनाच विचारू, म्हणून पुढच्या आठवड्यात दोघांनी मिळून अपॉइंटमेंट घेतली.