हिमोग्लोबिनला साखर चिकटते कशी?

प्रश्न : माझी उपाशीपोटी साखर ९२ आहे, पण एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३ टक्के आलं. हिमोग्लोबिन ९.१. साखर रक्तातल्या प्रथिनाला आपोआप चिकटते असं डॉक्टर म्हणाले. एन्झाइमशिवाय हे होतं कसं? आणि तपासणीआधी चार दिवस गोड बंद केलं तर आकडा उतरेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : ग्लुकोज हा मुळात अल्डिहाइड, म्हणजे टोकाला कार्बन-ऑक्सिजनचा चटकन जोडला जाणारा गट असलेला रेणू. रक्तात त्याचे जवळजवळ सगळे रेणू वलय करून बसलेले असतात, लाखात जेमतेम दोन उघडे. हे उघडं टोक हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या पहिल्याच अमिनो आम्लाच्या, म्हणजे व्हॅलिनच्या, अमाइन (नायट्रोजनच्या) गटाला गाठतं, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि शिफ बेस हा जोड तयार होतो. हा जोड कच्चा असतो. साखर उतरली की काही तासांत सुटतो. सुटण्याआधीच ज्यांची अमाडोरी पुनर्रचना (आतल्या अणूंची मांडणी बदलून जोड पक्का होणं) होते, ते मात्र तांबडी पेशी मरेपर्यंत टिकतात. एचबीएवनसी मोजतं ते हेच पक्के जोड.

एन्झाइम नसल्यामुळे इथे हिशेब साखर किती आणि पेशी किती दिवस तिच्यात राहिली, एवढाच. पेशी सुमारे १२० दिवस जगते. चार दिवसांच्या पथ्याने आकडा फारसा हलत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कमी असलेलं हिमोग्लोबिन, ९.१. लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्यांचं प्रमाण वाढतं आणि साखर न वाढताही एचबीएवनसी चढतं. आधी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासा. लोहाचं औषध सुरू झाल्यावर नव्या पेशींची लाट येते, तेव्हा आकडा खोटा उतरतो. म्हणून हिमोग्लोबिन स्थिरावल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. तोवर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पाहावी : १४० च्या आत ठीक, २०० किंवा वर मधुमेह. सिकलसेल असलेल्यांत किंवा नुकतंच रक्त चढवलेल्यांत एचबीएवनसीवर विसंबूच नये. त्यांच्यासाठी फ्रुक्टोसामाइन बरं; ते मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरची, गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवतं.

प्रश्न : मिथाइलग्लायॉक्झल ग्लुकोजपेक्षा घातक का?

उत्तर : ते लहान आहे, वलयात लपत नाही आणि त्याचे दोन कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचे) गट शेजारीशेजारी आहेत. पेशीत ग्लुकोज मोडताना ते आपोआप बनतं आणि प्रथिनांतल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाला धरतं. ग्लायॉक्झलेज ही एन्झाइमची जोडी ग्लुटाथायोन या पेशीतल्या छोट्या रेणूच्या मदतीने त्याचं डी-लॅक्टेट करून टाकते. म्हणजे चिकटण्याला एन्झाइम लागत नाही, ते थोपवायला लागतं.