उत्तर : हिवाळ्यात बोटीच्या बॅटऱ्या का बसतात (नव्या घेण्याआधी वाचा)

नमस्कार. तुमची पोस्ट दोनदा वाचली. ऑगस्टमध्ये घेतलेली ५७ फुटी नॅरोबोट (इंग्लंडच्या कालव्यांवरची अरुंद, राहायची बोट), ग्रँड युनियन कालव्यावर बर्कमस्टेडच्या आसपास मुक्काम, कायमचं मूरिंग (बोट बांधायची जागा) नाही, ११० एएच (अँप-तास) क्षमतेच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, छतावर ४०० वॉट सोलर. ऑक्टोबरपर्यंत काही तक्रार नाही. आता डिसेंबरात रात्री नऊला पाण्याचा पंप कण्हत चालतो, पहाटे फ्रिज बंद पडलेला असतो आणि बॅटरीचा मॉनिटर मात्र ७० टक्के चार्ज दाखवतो. रोज दीड तास इंजिन चालवूनही तीच गत. दुकानात दाखवल्या तर 'चारही गेल्या, बदला' म्हणाले, आणि आता तुम्ही लिथियम घ्यायच्या विचारात आहात.

यातलं प्रत्येक वाक्य ओळखीचं आहे. त्या ७० टक्क्यांवर विसंबून माझे दोन संच, म्हणजे आठ बॅटऱ्या, लागोपाठ दोन हिवाळ्यांत गेल्या. म्हणून आधी एवढंच सांगतो, या आठवड्यात काहीही विकत घेऊ नका.

टर्मिनल घट्ट आहेत का, अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटऱ्या भरणाऱ्या यंत्राचा) पट्टा सैल आहे का, हे तुम्ही बघितलं असेलच, त्यात जात नाही. मी परवानाधारक इलेक्ट्रिशियन नाही, त्यामुळे खालचं सगळं १२ व्होल्टच्या बाजूचं आहे. २३० व्होल्टची वायरिंग आणि गॅस यांना हात लावायचा असेल तर त्या कामाचा माणूसच बोलवा.

आता ते टक्के. मॉनिटर बॅटरीच्या आत बघत नाही. शंटमधून (निगेटिव्ह केबलवर बसवलेल्या करंट मोजणाऱ्या पट्टीतून) किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला, याची तो वही लिहितो, बस्स. त्या वहीची सुरुवातीची शिल्लक दोन गोष्टींवर ठरते आणि दोन्ही आपणच भरून दिलेल्या असतात : बॅटऱ्यांची क्षमता किती, आणि 'पूर्ण भरल्या' कधी म्हणायचं. दुसऱ्या गोष्टीत बहुतेक सगळे फसतात. व्होल्टेज अमुक आकड्याच्या वर आणि करंट क्षमतेच्या अमुक टक्क्यांच्या खाली, अशी स्थिती काही मिनिटं टिकली की मॉनिटर शिल्लक पुसतो आणि १०० टक्के लिहून मोकळा होतो. व्हिक्ट्रॉन कंपनीच्या बीएमव्ही मॉनिटरमध्ये करंटची ही मर्यादा ('टेल करंट') कंपनीकडून ४ टक्के ठेवलेली येते आणि वेळ ३ मिनिटं. तुमच्या ४४० एएचवर ४ टक्के म्हणजे १७.६ अँप. शरद सरला की तुमचं ४०० वॉटचं सोलर भर दुपारीसुद्धा ८-१० अँपच्या वर जात नाही. म्हणजे करंटची अट दिवसभर आपोआपच पुरी होत राहते. व्होल्टेजचा आकडाही सैल असला की जरा ऊन पडलं, मॉनिटरने १०० लिहिलं. प्रत्यक्षात बॅटरी अर्धीही भरलेली नसते. तुमचे ७० टक्के त्या खोट्या शंभरातून वजा झालेले आहेत.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जात असेल तर 'चार्ज्ड व्होल्टेज' १४.२ करा, टेल करंट २ टक्के किंवा त्याखाली, वेळ ५ मिनिटं. त्यानंतर बोटीच्या सगळ्या निगेटिव्ह तारा शंटच्या लोडच्या बाजूला आहेत ना, हे एकेक तार हाताने धरून बघा. बॅटरीच्या निगेटिव्ह बोल्टवर शंटकडे जाणाऱ्या एका जाड केबलशिवाय दुसरं काही नको. सोलर कंट्रोलरची किंवा बिल्ज पंपाची (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) काळी तार कोणीतरी सोयीसाठी थेट बॅटरीवर कसलेली सापडते, आणि मग तेवढा हिशेब वहीत येतच नाही.

आता बॅटऱ्या खरंच का बसल्या. आपल्याकडे घरच्या इन्व्हर्टरची सवय असते : लाइट गेली, दोन तास बॅटरी वापरली, लाइट आली, मग रात्रभर निवांत चार्जिंग. बोटीवर तो 'रात्रभर'च नसतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ५० टक्क्यांवरून ८० पर्यंत भराभर भरते, अडीच-तीन तासांत. शेवटच्या २० टक्क्यांना मात्र आणखी चार-पाच तास लागतात, अल्टरनेटर कितीही मोठा लावा. त्या टप्प्यात करंट किती घ्यायचा हे बॅटरी ठरवते. दीड तासाने मीटरवर १४.४ दिसतं आणि आपल्याला वाटतं झालं. १४.४ हा अल्टरनेटरने लावलेला दाब आहे, तो भरल्याचा पुरावा नव्हे. व्होल्टेज १४.४ वर स्थिर असताना करंट उतरत उतरत ५-८ अँपवर आला आणि पुढचा तासभर तिथेच राहिला, तर तुमचा संच भरला.

रोज असं अर्धपोटी ठेवलं की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि तेवढा भाग कामातून जातो. क्षमता घटली की बॅटरी 'लवकर भरते', इंजिन आणखी लवकर बंद केलं जातं, आणि घसरण वाढत जाते. थंडीची भर वेगळी. २५ अंशांच्या खाली दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण २४ मिलिव्होल्ट जास्त लागतात. इंजिनाच्या खोलीत ५ अंश असतील तर जवळपास अर्धा व्होल्ट. जुन्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर मात्र १४.२-१४.४ वरच अडलेला असतो. बॅटरीच्या कंपनीने परवानगी दिली असेल तर सोलर कंट्रोलर आणि शोअर चार्जर (किनाऱ्यावरच्या विजेवर चालणारा) यांचं तापमान-समायोजन, म्हणजे थंडीत व्होल्टेज आपोआप वाढवणारी सोय, चालू करा.

चाचणी अशी करा. एका रात्रीसाठी मरीनात (बोटींच्या तळावर) जागा घ्या आणि शोअर पॉवरवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या विजेवर, २४ तास लावून ठेवा. ते जमत नसेल तर बोट हलवायच्या दिवशी आठ तास इंजिन. करंट वर सांगितल्याइतका खाली आला की चार्जिंग तोडा, सोलरही बंद करा, आणि रात्रभर बॅटऱ्यांवर काही न लावता सोडा. सकाळी १२.७ च्या आसपास हवं. मग मॉनिटर शून्यापासून मोजायला लावून दिवे-पंपावर बरोबर ५० एएच खर्च करा, तासभर थांबा, व्होल्टेज वाचा. चांगल्या ४४० च्या संचाला यात काहीच जाणवत नाही, १२.५ च्या वरच राहील. १२.२ दिसलं तर तुम्ही निम्म्यावर आलात, म्हणजे ४४० पैकी जेमतेम १०० एएचची क्षमता उरलीय. १२.० च्याही खाली गेलं तर संच गेला, आशा सोडा.

त्यानंतर चारही बॅटऱ्या सुट्या करा. हातातली अंगठी, कडं आधी काढा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण पाना दोन टर्मिनलांना एकदम टेकला तर लाल होऊन चिकटतो. सुट्या करून एक दिवस ठेवा आणि एकेक मोजा. तीन १२.६ आणि एक १०.५ अशी निघाली तर त्या एकीचा सेल शॉर्ट झालाय आणि तीच बाकीच्यांना खातेय. एक काढून तिघींवर हिवाळा निघतो. चार्जिंगच्या वेळी एखादी बॅटरी हाताला चटका देत असेल किंवा सडक्या अंड्यांचा वास येत असेल, तर चार्जिंग बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि थंड झाल्यावर ती बोटीबाहेर काढा. तो वायू विषारी आहे.

आता दुकानाबद्दल, कारण याचा मला अजून राग आहे. मी ज्या वर्कशॉपवर विसंबलो तिथेही तुमच्यासारखंच झालं : बॅटऱ्या आल्या तशा टेस्टरला लावल्या, 'फेल'ची पावती दिली, प्रत्येकी साधारण १०० पौंडांच्या चार नव्या दिल्या. लोड टेस्टला अर्थ असतो तो बॅटरी निदान तीन-चतुर्थांश भरलेली, म्हणजे टेकलेल्या अवस्थेत १२.४ च्या वर असेल तेव्हा. अर्धी उतरलेली चांगली बॅटरीही त्या चाचणीत नापास होते. आणि रोज किती तास चार्ज करता, हा एकच प्रश्न विचारला असता तर दुसरा संच वाचला असता. कुणीही तुमच्या बॅटऱ्या तपासायला घेतल्या तर आधी विचारा : चार्ज करून तपासणार की तशाच? 'तशाच' म्हणाले तर उचला आणि घरी या.

जोडणी एकदा बघा. संचाची पॉझिटिव्ह एका टोकाच्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून निघायला हवी. दोन्ही एकाच बॅटरीवर असतील तर सगळा भार तिच्यावर पडतो आणि शेवटची उपाशी राहते. इंजिन चालू असताना अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. फरक ०.३ च्या वर असेल तर मधली केबल, फ्यूज किंवा आयसोलेटर (बॅटरी तोडायचा मुख्य स्विच) तपासा. जुन्या बोटीत इंजिन सुरू करणारी स्टार्टरची बॅटरी आणि दिवे-पंपाच्या या बॅटऱ्या यांच्या मध्ये डायोड असतो, तो एकटाच ०.६-०.७ व्होल्ट खातो. तो काढून रिले (इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) बसवणं हा या सगळ्यात पैसे वसूल करणारा खर्च आहे.

खर्चाची बाजू. ४०० वॉटचं आडवं सोलर डिसेंबरात दिवसाला १५-२० एएच देतं, जूनमध्ये तेच १०० च्या वर देतं. त्याला हिवाळ्यात शून्य धरा. रोजचा खर्च एएचमध्ये असा : १२ व्होल्टचा फ्रिज ३५-४०, राउटर १२ ते २०, दोन लॅपटॉप २५, दिवे-पंप १० आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवल्याचे २५-४५. हा शेवटचा आकडा लोकांच्या लक्षात येत नाही. लॅपटॉपसाठी १२ व्होल्टवर चालणारे चार्जर घ्या आणि इन्व्हर्टर लागेल तेव्हाच लावा. दीड तास इंजिनाने हाती ६०-७० येतात आणि खर्च १०० च्या वर, तूट रोजची. फ्रिज डिसेंबर ते फेब्रुवारी बंद ठेवला तरी चालतं, दूध-भाजी पुढच्या उघड्या डेकवरच्या पेटीत चांगली राहते.

मिक्सर लावायचा तर इंजिन चालू असतानाच. ७५० वॉटचा मिक्सर बॅटरीतून ७० अँपहून जास्त ओढतो. चटणीला दोन मिनिटं पुरतात, पण इडलीचं पीठ वाटायला पंधरा. भात-डाळीला इलेक्ट्रिक कुकर नको. मोर्सो स्क्विरलच्या (बोटीत उबेसाठी असलेल्या लाकूड-कोळशाच्या शेगडीच्या) वरच्या तव्यावर तुरीची डाळ, चिमूटभर हिंग, झाकण, वर पितळी वाटी दाबायला. तीन तासांत मऊ होते. विरजणाचं भांडं शेगडीपासून हातभर लांब ठेवलं की दही रात्रीत लागतं. दिवसभर शेगडी पेटलेली असते, म्हणून सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म बीएस ईएन ५०२९१-२ खुणेचाच घ्या आणि दर आठवड्याला बटण दाबून बघा. पेट्रोलचा जनरेटर मागच्या डेकवर ठेवून केबिनचं दार उघडं, हे कधीच नाही.

इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ शेजारी बोटी असताना चालवायचं नाही, ही कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टची अट तुम्हाला माहीत असेल. चार्जिंगला १२००-१४०० आरपीएम ठेवा. तासाला लिटर-दीड लिटर डिझेल जातं, त्यात गरम पाण्याची टाकीही भरून निघते, कपडे तेव्हाच धुवा. कायमचं मूरिंग नसल्यामुळे १४ दिवसांनी हलायचं असतंच, तो आठ तासांचा चार्ज त्या दिवशी साधा, आणि मध्ये दर आठवड्याला एक. मरीनात प्लग लावणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे का ते आधी बघा. तो नसेल तर अर्थच्या तारेतून तुमच्या बोटीचा पत्रा शेजारच्या बोटींशी जोडला जातो आणि गंज पाण्याखाली चालू होतो.

लिथियम. मी विरोधात नाही. अर्धवट भरलेलं राहिलं तरी त्याचं बिघडत नाही, आणि फिरत्या बोटीला याहून मोठा गुण नाही. पण थेट अल्टरनेटरला जोडू नका. ते मागेल तेवढा करंट ओढतं, कमी आरपीएमवर पंखा पुरत नाही आणि अल्टरनेटर जळतो. बीएमएसने (लिथियम बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने) अचानक तोडलं तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. मध्ये ३० अँपचा डीसी-डीसी चार्जर (करंटला मर्यादा घालणारा) हवा. शून्य अंशांखाली ते चार्ज करता येत नाही, म्हणून इंजिनाच्या खोलीऐवजी केबिनमध्ये जागा शोधा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

पत्त्याबद्दल शेवटी विचारलं होतंत : इंग्लंडमध्ये जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. खिडकीवरच्या माणसाने मागितला तर नियम त्याला नम्रपणे सांगा आणि अडून राहा. मतदार नोंदणीसाठी कायमचा पत्ता नसलेल्यांना स्थानिक संबंधाचं घोषणापत्र भरता येतं.

पूर्ण चार्जच्या शेवटी किती अँप जात होते, रात्रभर टेकल्यावरचं व्होल्टेज, आणि ५० एएच खर्चल्यावरचं व्होल्टेज, हे तीन आकडे इथे टाका. सोबत बॅटऱ्यांच्या जोडणीचा एक फोटो. ते बघितल्यावर एक बदलायची की चारही, ते सांगतो.