हाताने चालते, शेड्यूलला लावली की अडते

प्रश्न: नमस्कार, सांगलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. टॅलीचा डेटा रोज रात्री गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे आमच्या झेड ड्राईव्हवर जावा म्हणून भाच्याने रोबोकॉपीची (विंडोजची फाईली कॉपी करणारी कमांड) बॅच फाईल करून दिलीय. डबल क्लिक केलं की मस्त चालते. टास्क शेड्यूलरला रात्री साडेनऊला लावली तर काही जात नाही, लास्ट रन रिझल्टमध्ये झिरो एक्स टेन येतं. बघू म्हणून डी ड्राईव्हवर लावली तर डेटा गेला, पण तिथे झिरो एक्स वन! भाचा आता पुण्याला, फोन उचलत नाही.

उत्तर: भाच्याची फाईल ठीक असावी, बिचाऱ्याला ओरडू नका. तुम्ही डबल क्लिक करता तेव्हा ती तुमच्या लॉगिनमध्ये चालते आणि झेड तिला दिसतो, पण टास्कमध्ये 'युजर लॉग ऑन असो वा नसो' वालं ऑप्शन निवडलेलं असेल (असणारच, रात्रीचं काम आहे) तर ती वेगळ्या सेशनमध्ये चालते आणि तिथे मॅप केलेला झेड, म्हणजे गोडाऊनच्या फोल्डरला तुमच्या लॉगिनमध्ये दिलेलं ड्राईव्हचं अक्षर, नसतोच. म्हणून फाईलमध्ये झेड काढा, दोन बॅकस्लॅश, गोडाऊनच्या कॉम्प्युटरचं नाव, मग शेअर फोल्डरचं नाव असा पूर्ण पाथ लिहा. आणि 'पासवर्ड साठवू नका' वर टिक असेल तर ती काढा, नाहीतर टास्कला नेटवर्क मिळत नाही.

आता आकडे. झिरो एक्स म्हणजे आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पटीत) लिहिलाय, म्हणून झिरो एक्स टेन म्हणजे दहा नव्हे, सोळा, आणि रोबोकॉपीच्या भाषेत सोळा म्हणजे काहीच कॉपी झालं नाही. एक म्हणजे मात्र फाईली नीट गेल्या! इतर प्रोग्रॅममध्ये एक म्हणजे बहुतेक वेळा गडबड, इथे उलटं, आणि शून्य आलं तर नवीन काही कॉपी करायला नव्हतंच. आठ किंवा पुढचा आकडा आला तरच काळजी करा.

अजून एक, आणि हे कुणी सांगत नाही: फाईल लॉक असली तर रोबोकॉपी तिच्यासाठी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. टॅली चालू राहिलं तर सकाळी शटर उघडाल तेव्हाही टास्क 'रनिंग'च दिसेल. टॅली बंद करून जा, आणि फाईलमध्ये स्लॅश आर कोलन २, स्लॅश डब्ल्यू कोलन ५ टाका, म्हणजे दोनदाच पुन्हा प्रयत्न, मध्ये पाच सेकंद. (कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांत.) भाच्याने स्लॅश एमआयआर वापरलंय का तेही बघा, कारण ते आरसा धरतं, इकडे चुकून डिलीट झालेलं त्या रात्री तिकडूनही जातं. माझ्या मते वारांप्रमाणे सात फोल्डर बरे, जागा जाईल थोडी, जाऊ दे.

प्रश्न: लिनक्स सर्व्हरवर क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) रात्री ९ ला डेटाबेसचा डम्प, म्हणजे पूर्ण कॉपी, घेते, फाईलच्या नावात तारीख. हाताने कमांड दिली की होतं, क्रॉनमध्ये फाईलच बनत नाही. वेळही चुकतेय का कळत नाही.

उत्तर: तारखेच्या कमांडमधलं टक्क्याचं चिन्ह बघा. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, टक्का म्हणजे नवीन ओळ, त्यामुळे कमांड तिथेच तुटते. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर सगळं एका स्क्रिप्टमध्ये टाकून क्रॉनला फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्या, मला हेच आवडतं. वेळेचं म्हणाल तर बरेच सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतात, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपले रात्रीचे ९ हवे असतील तर ३० १५ * * * असं लिहावं लागेल (आधी मिनिटं, मग तास, आकडे इंग्रजी). आणि एडिट करताना क्रॉनटॅब डॅश ई च्या जागी डॅश आर दाबू नका, ई आणि आर की-बोर्डवर शेजारीशेजारी आहेत आणि डॅश आर न विचारता अख्खी यादी उडवतं. आधी डॅश एल ने यादी काढून एका फाईलीत ठेवा.