स्क्वॉशएफएस फाइल 4 जीबीच्या पुढे गेली की...

प्रश्न : लिनक्स मिंटच्या लाइव्ह डिस्कमध्ये आमची सॉफ्टवेअर घातली. 'कॅस्पर' फोल्डरमधली 'फाइलसिस्टम.स्क्वॉशएफएस' (पूर्ण सिस्टिम दाबून ठेवलेली एकच फाइल) 4.6 जीबीची झाली आणि जेनआयएसओइमेज हा प्रोग्रॅम आयएसओ (डिस्कची इमेज फाइल) बनवायलाच तयार नाही. काय करावं?

उत्तर : आयएसओ 9660 या डिस्कच्या फाइलरचनेत फाइलच्या एका तुकड्याचा आकार 32 बिटांत लिहितात, म्हणजे जास्तीत जास्त 4,29,49,67,295 बाइट. याच रचनेच्या लेव्हल 3 या सर्वात मोकळ्या प्रकारात एका फाइलचे अनेक तुकडे चालतात, पण जेनआयएसओइमेज ते करत नाही. त्याऐवजी झोरिसो हा आयएसओ बनवणारा दुसरा प्रोग्रॅम वापरा आणि 'आयएसओ-लेव्हल 3' हा पर्याय द्या.

त्याआधी मात्र एक तपासा. स्क्वॉशएफएस फाइल बनवणारा एमकेस्क्वॉशएफएस चालवताना जुनी फाइल तिथेच होती का? असेल तर हे महाशय ती पुसत नाहीत, नवा माल तिच्यातच जोडतात, आणि फाइल फुगते. जुनी फाइल आधी हटवा किंवा 'नोअपेंड' द्या. क्रूटमधून (डिस्कवरची सिस्टिम उघडून तिच्यात बदल करतो त्या कप्प्यातून) बाहेर पडण्यापूर्वी 'एपीटी क्लीन' करून उतरवलेल्या इन्स्टॉल फाइली पुसा; ही डेब पॅकेजं आधीच दाबलेली असतात, ती पुन्हा फारशी आकसत नाहीत.

तरीही मोठीच राहिली, तर दाबण्यासाठी जीझिप पद्धतीऐवजी एक्सझेड आणि 128 केबीऐवजी 1 एमबीचा ब्लॉक घ्या. आकार चांगला उतरतो, पण जुन्या मशीनवर डिस्क सुरू व्हायला रेंगाळते.

पेन ड्राइव्हवर फाइली नुसत्या कॉपी करू नका. पेन ड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट32 या फाइलरचनेत हीच मर्यादा आहे आणि तिथे लेव्हल 3 ची पळवाट नाही. आयएसओ 'डीडी' या कॉपी करणाऱ्या आज्ञेने जशीच्या तशी ड्राइव्हवर लिहा.