संरक्षण उत्पादनात यायचंय. उद्योग संघटनेची वर्गणी भरावी का?

तुम्ही विचारलंय की चार व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या, धातू कापायच्या) मशिनांच्या छोट्या कारखान्याने संरक्षण खात्याच्या कामांसाठी एसआयडीएम (सोसायटी ऑफ इंडियन डिफेन्स मॅन्युफॅक्चरर्स) किंवा मराठा चेंबर (पुण्यातली उद्योजकांची संघटना) अशा संघटनेचं सभासद होऊन खरंच काही पदरात पडतं का.

पडतं. पण ऑर्डर मिळेल या आशेने वर्गणी भरणार असाल तर भरू नका. ऑर्डर टेंडरमधूनच येते.

भोसरीत चौदा वर्षं मशिनिंग करतोय, त्यातली सहा संरक्षणाच्या सुट्या भागांची. संघटनेची किंमत मला एका ड्रॉइंगमुळे कळली. एका मोठ्या कारखान्याकडून आलेलं ते ड्रॉइंग झेरॉक्सची झेरॉक्स होतं. एका भोकाच्या टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा, शेवटचा आकडा ३ आहे की ८, हे भिंग धरूनही कळेना. फोन केले, पत्र लिहिलं, उत्तर नाही. फार मागे लागायची भीतीही होती, कारण पुढचं काम त्याच टेबलावरून येणार होतं. शेवटी जास्त काटेकोर म्हणून ३ धरून जॉब काढले. वेळ दुप्पट गेला, दरात मार खाल्ला.

पुढे संघटनेच्या एका बैठकीत हे बोललो, तर आणखी पाच जण म्हणाले, आमचंही हेच झालंय. सगळ्यांच्या अडचणी एका पत्रात गेल्या, कुणाचंही नाव न घालता. दोन महिन्यांनी ड्रॉइंग नव्याने काढून मिळालं. एकटा भांडलो असतो तर कटकट्या व्हेंडर म्हणून कायमचा बाजूला पडलो असतो. सुटा भाग नाही म्हणून लष्कराची गाडी उभी राहणं हा देशाच्या सुरक्षेचाच प्रश्न आहे, असं मी मनापासून मानतो. म्हणून असल्या बारीक गोष्टी वरपर्यंत पोचवणारं कुणीतरी हवंच.

आता कोणती संघटना? एसआयडीएम २०१६ मध्ये सीआयआय या देशव्यापी उद्योग संघटनेच्या पुढाकाराने उभी राहिली, ती फक्त संरक्षण उत्पादकांची. खरेदीच्या नियमांचा मसुदा निघाला की उद्योगांचं म्हणणं मंत्रालयापुढे मांडायचं, हे तिचं मुख्य काम. मराठा चेंबर १९३४ पासून पुण्यात आहे, आणि आपल्यासारख्यांना ते जवळचं पडतं. खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने, पाषाणची एआरडीई आणि दिघीची आर अँड डीई या संरक्षण संशोधनाच्या सरकारी प्रयोगशाळा, सगळं तासाभराच्या अंतरावर. अशा ठिकाणचे अधिकारी एखाद्या कार्यक्रमात समोरासमोर भेटतात आणि त्यांना नेमकं काय हवंय ते टेंडर निघण्याआधी कळतं. माझ्या मते वर्गणी वसूल होते ती इथे.

पण त्याआधी फुकटचं काम करा. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने आयात बंद करायच्या १०१ वस्तूंची पहिली यादी काढली आणि त्याच महिन्यात सृजन पोर्टल सुरू झालं. बाहेरून आणावे लागणारे भाग तिथे मांडलेले असतात. तुमच्या मशिनवर होईल असं काय आहे ते आधी बघा. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) नसेल तर ती करून घ्या.

समित्यांवर मोठ्या कंपन्यांचा आवाज मोठा असतो, हेही ऐकून ठेवा. त्यांची चर्चा निर्यातीची, आपलं दुखणं कायद्यातल्या ४५ दिवसांत न आलेल्या पेमेंटचं. तेव्हा नुसती वर्गणी भरून घरी बसू नका, लघुउद्योगांच्या उपसमितीत नाव द्या आणि बोला.

आणि अडचण मांडताना ड्रॉइंगचा फोटो कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा असला तरी आजही लागू आहे, आणि कायदा नसता तरी आपण हे पाळायलाच हवं. त्या बैठकीत मी भाग कोणता, तो कुठल्या गाडीत बसतो, यातलं काहीच सांगितलं नव्हतं. काम तरीही झालं.