तुझा श्रावण आणि मैत्रिणीचा श्रावण

लाडके,

काल जेवताना तू विचारलंस, "माझ्या कानपूरच्या मैत्रिणीच्या घरी श्रावण लागला, मग आपल्याकडे अजून आषाढ कसा?" मी घाईघाईत "त्यांचं पंचांग वेगळं" एवढंच म्हणाले. ते उत्तर अर्धवट होतं, म्हणून हे पत्र.

नकाशात अमरकंटक शोध. तिथून नर्मदा निघते आणि विंध्य नि सातपुड्याच्या मधून १३१२ किलोमीटर वाहत भरूचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात. ही मात्र पश्चिमेला. महाराष्ट्राला ती फक्त नंदुरबारच्या उत्तर टोकाला, धडगाव-अक्कलकुव्याकडे भेटते आणि तिथे राज्याची हद्दच होते. पण तिची खरी हद्द त्याहून फार जुनी आहे. पलीकडे उत्तरापथ, अलीकडे दक्षिणापथ. कनौजच्या हर्षाला दुसऱ्या पुलकेशीने दक्षिणेत येऊ दिलं नाही, तेही नर्मदेपाशीच.

महिने मोजायची रीतही ढोबळमानाने इथेच बदलते. आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणजे अमान्त. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो, पौर्णिमान्त. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात मात्र त्यांचं नाव एक घर पुढे. गोकुळाष्टमी आपल्याला श्रावण वद्य अष्टमी, त्यांना भाद्रपद कृष्ण अष्टमी. पण दिवस तोच, कृष्णजन्मही तोच! लहानपणी आजोबांनी मला हे दाखवलं तेव्हा मी कितीतरी वेळ पंचांग उलटसुलट चाळत बसले होते.

नदी म्हणजे काही पट्टीने मारलेली रेघ नव्हे, हे मात्र लक्षात ठेव. अहमदाबाद नर्मदेच्या उत्तरेला, तरी गुजराती महिना आपल्यासारखाच अमान्त. त्यांचं वर्ष तेवढं विक्रम संवताचं, दिवाळीनंतर सुरू होणारं. आपलं शालिवाहन शक, गुढीपाडव्याचं.

म्हणून तुझ्या मैत्रिणीचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो आणि राखीला संपतो. आपला राखीनंतरही चालतो, थेट पोळ्यापर्यंत. आपल्या श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून राखीपर्यंत मात्र दोघींच्या घरी श्रावणच असतो. त्यातल्या सोमवारी तिला जेवायला बोलाव. उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी करते, दाण्याचं कूट भरपूर घालून.

तुझी,
आई