मोठं विमान आधी आतून बांधा

प्रश्न: दहा-बारा वर्षं विमानांच्या मॉडेलचे १/७२ चे (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे) किट करतोय. आता १/३२ चं लँकॅस्टर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर) हाती आलंय, पण व्हॅक्युफॉर्म, म्हणजे तापवलेली प्लॅस्टिक शीट साच्यावर ओढून बनवलेलं. पांढऱ्या शीटवर नुसते उठवलेले भाग, ना पिना ना खाचा. दोनदा उघडून परत बंद करून ठेवलं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी एकदा मोजून बघा म्हणजे अंदाज येईल. खऱ्या लँकॅस्टरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३१.०९ मीटर, म्हणजे तुमचं मॉडेल जवळपास ९७ सेंटीमीटर होणार. एवढ्या लांबीला नुसत्या कडा चिकटवून भागत नाही, हे मी स्वतः चुकून शिकलोय, माझ्या पहिल्या मोठ्या बॉम्बरचे पंख वर्षभरात हळूहळू खाली आले आणि मुळाशी भेग पडली, तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

भाग शीटपासून सोडवायचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. प्रत्येक भागाच्या कडेने मार्करने रेघ मारा, मग कटर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा, आरपार कापायचं नाही, वाकवलं की भाग आपोआप सुटतो. कडेला मूळ शीटच्या जाडीची पट्टी उरते तेवढीच घासून काढायची, म्हणून काचेवर सँडपेपर चिकटवा, पाणी टाका आणि भाग गोल गोल फिरवत घासा, मार्करच्या रेघेपर्यंत आलात की थांबा. पाठीला डबल टेपने एखादा ठोकळा लावला तर धरायला बरं पडतं. पंखाची मागची कड मात्र आतून जास्त घासा, तिथे दोन शीट एकावर एक येतात आणि ती कड जाड राहिली ना, की बाकी कितीही छान करा, विमान खेळण्यातलं दिसतं.

आता मुख्य गोष्ट, सांगाडा. धडात दर चार-पाच सेंटीमीटरला जाड प्लॅस्टिक शीटचे फॉर्मर (धडाच्या आकाराचे आडवे पडदे) बसवा, जोडाच्या आतून एकाआड एक छोट्या पट्ट्या लावा म्हणजे दोन्ही अर्धे नीट जुळतात. स्पार (पंखांना आतून आधार देणारा दांडा) धडातून आरपार जायलाच हवा, पितळी नळीचा केला तर उत्तम. लँकॅस्टरमध्ये पंखाचा मधला भाग सपाट असतो आणि आतल्या इंजिनांच्या पलीकडे पंख वर उचललेले असतात, तेव्हा स्पारला वळण तिथेच द्या. खऱ्या विमानाचा बाहेरचा पंखही तिथेच जोडलेला असायचा, हे विमान वेगवेगळ्या भागांत बनवून नंतर जोडायचे. मग तुम्हीही तिथेच नळीत नळी घालून पंख काढता येतील असे करा ना, जोडाची रेघ खोटी दिसणार नाही आणि घर बदलताना ९७ सेंटीमीटरचा खोका शोधावा लागणार नाही.

चाकांचे पाय मऊ धातूचे असतील तर ते वापरू नका. आत पितळी रॉड घालून नवीन करा आणि स्पारलाच इपॉक्सीने बांधा.

प्रश्न: माझं १/३२ चं बी-२५ (अमेरिकन दोन इंजिनांचं बॉम्बर) शेपटीवर बसतंय, नाक तर सगळं काचेचं, वजन कुठे लपवू?

उत्तर: इंजिनांच्या मागे, नॅसेलमध्ये (इंजिनाच्या कवचात), पण मुख्य चाकांच्या पुढे. उरलेलं कॉकपिटच्या जमिनीखाली. वजन जितकं पुढे तितकं कमी लागतं. धड बंद करायच्या आधी सगळं टेपने जोडून चाकांच्या जागी टेकवून बघाच, आणि रंग, शेपटीचे भाग अजून लागायचेत हे धरून थोडं जास्तच टाका.

प्रश्न: कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) शीट तापवून साच्यावर ओढून घरी बनवली पण पांढुरकी येते, रेषा उमटतात.

उत्तर: रेषा साच्यातून येतात. लाकडाचे तंतू काचेवर जसेच्या तसे उठतात, त्यामुळे साच्यावर पुटी लावून आरशासारखा होईपर्यंत पॉलिश करा. पांढुरकेपणा बहुतेक वेळा शीट जास्त तापल्यामुळे किंवा आत ओल राहिल्यामुळे येतो, शीट आधी कोरडी करून घ्या आणि ती लोंबायला लागली की लगेच साच्यावर ओढा. आणि साचा शीटच्या जाडीएवढा लहान ठेवा हं, नाहीतर कॅनॉपी धडापेक्षा रुंद होते. चार-पाच तरी बिघडतील, शीट तेवढी जास्त घेऊन बसा.